ओमेगाचा १९७२ चा 'एलो ओमेगा': अडवलेल्या अल्बमच्या जागी आलेली मैफल

तबकडीवाला

हंगेरीच्या ओमेगा या बँडचं नाव आपल्याकडे ज्यांना माहीत आहे त्यांना ते बहुतेक वेळा एकाच गाण्यामुळे माहीत असतं. 'द्योंद्यहायू लान्य', मोत्यांच्या केसांची मुलगी, साल १९६९. गाणं थोर आहे, वादच नाही. पण हा बँड १९६२ साली बुडापेस्टमध्ये सुरू झाला आणि एकविसाव्या शतकात येईपर्यंत वाजत राहिला. एवढ्या मोठ्या प्रवासातलं एकच गाणं लक्षात राहावं याचं मला वाईट वाटतं. म्हणून आज त्यांच्या एका अल्बमबद्दल लिहितो आहे, जो माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा कणा आहे: 'एलो ओमेगा', १९७२.

आधी थोडी पार्श्वभूमी. गायक यानोश कोबोर आणि कीबोर्डवर लास्लो बेन्को हे सुरुवातीपासूनचे. कोबोर शिक्षणाने आर्किटेक्ट. सुरुवातीला सगळ्यांसारखीच इंग्रजी गाणी वाजवायचे. मग विशीच्या उंबरठ्यावरचा गाबोर प्रेसेर बँडमध्ये आला आणि स्वतःच्या चाली सुरू झाल्या. शब्द आन्ना आदामिशचे. ती ड्रमर योझेफ लाउक्सची बायको. १९६८ मध्ये स्पेन्सर डेव्हिस ग्रूप आणि ट्रॅफिक हे इंग्लिश बँड बुडापेस्टला वाजवून गेले, त्या ओळखीतून ओमेगाला इंग्लंडचं बोलावणं आलं. तिथल्या डेक्का या रेकॉर्ड कंपनीने त्यांची इंग्रजी एलपी काढली, नावातच 'रेड स्टार फ्रॉम हंगेरी'. त्याच वर्षी मायदेशात पहिली हंगेरियन एलपी आली, १९६९ ला 'दहा हजार पावलं' आणि १९७० ला 'रात्रीचा महामार्ग'.

१९७१ मध्ये प्रेसेर आणि लाउक्स बाहेर पडले आणि त्यांनी लोकोमोटिव्ह जीटी हा नवा बँड काढला. आदामिशही तिकडे गेली. म्हणजे एका झटक्यात संगीतकार, ड्रमर आणि गीतकार, तिघंही गेले. घरातला कमावता माणूस जावा तशी अवस्था. उरलेल्यांनी ड्रम्सवर फेरेंत्स देब्रेत्सेनीला घेतलं. गिटारवाला द्यॉर्द्य मोल्नार आणि बासवाला तामाश मिहाय स्वतः चाली करायला लागले, शब्दांसाठी पेतेर श्युयी आला. या नव्या संचाने एक स्टुडिओ अल्बम तयार केला, 'शेवटच्या युद्धानंतर दोनशे वर्षांनी'. तो सरकारी रेकॉर्ड कंपनीने काढलाच नाही. त्याच्या जागी १९७२ मध्ये आला 'एलो ओमेगा', थेट वाजवलेला अल्बम. पहिल्या आवृत्तीचं कव्हर चक्क अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. अडवलेला अल्बम लोकांच्या हाती पडला तो १९९८ साली.

माझं म्हणणं असं की खरा ओमेगा इथे जन्माला आला. प्रेसेरच्या काळातला ओमेगा हा प्रेसेरचा बँड होता, हा पाच जणांचा आहे. आणि हेच पाच जण पुढे १९८७ पर्यंत एकत्र राहिले.

कुणी ऐकला आहे का? काय वाटतं? आणि ज्यांनी ओमेगा अजिबात ऐकलेला नाही त्यांनी १९७२ च्या अल्बमपासून सुरुवात करावी की १९७९ च्या बुडापेस्टच्या किश्तादियोन या स्टेडियममधल्या मैफलीपासून?

शरावती

वाचनखूण साठवली. आज रात्री ऐकते आणि उद्या येते.

रानवारा

मी 'द्योंद्यहायू लान्य' हे गाणं आधी स्कॉर्पियन्स या जर्मन बँडचं म्हणूनच ऐकलं होतं, 'व्हाइट डव्ह'. कॉलेजात असताना कॅसेटवर. मूळ चाल हंगेरियन आहे हे फार पुढे कळलं. तेव्हा शोधून मूळ ऐकलं आणि तेच जास्त आवडलं. कोबोरचा आवाज स्कॉर्पियन्सचा गायक मायने याच्याइतका तयार नाही, पण त्यात एक भाबडेपणा आहे जो त्या चालीला शोभतो.

तबकडीवाला

रानवारा, बरोबर. 'व्हाइट डव्ह' १९९४ चं, रवांडाच्या निर्वासितांच्या मदतीसाठी काढलेलं. त्याच वर्षी ओमेगाने बुडापेस्टच्या नेपश्तादियोन या स्टेडियममध्ये पुनरागमनाची मोठी मैफल केली, तिथे स्कॉर्पियन्सचे क्लाउस मायने आणि रुडॉल्फ शेंकर पाहुणे म्हणून आले होते. त्या मैफलीचंही ध्वनिमुद्रण निघालं आहे.

चिंचपोकळी एक्सप्रेस

आणि अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टला विसरलात! त्याचा २०१३ चा अल्बम 'यीझस', त्यातलं 'न्यू स्लेव्ह्ज' संपता संपता अचानक जे आभाळ उघडल्यासारखं वाटतं ना, ते हेच गाणं. कोबोरचाच आवाज. माझ्या पोरीने मला ऐकवलं. मी म्हटलं हे तर १९६९ चं आहे, तर तिचा विश्वास बसेना.

विधिज्ञ

चिंचपोकळी, त्यावरून कोर्टकचेरीही झाली होती. संगीतकार म्हणून प्रेसेरने २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा लावला, २५ लाख डॉलर्सचा. त्याचं म्हणणं असं की परवानगी न घेता गाण्याचा मोठा तुकडा वापरला आणि नंतर १० हजार डॉलर्सचा चेक पाठवून विषय मिटवायचा प्रयत्न केला. तो चेक त्याने वटवलाच नाही. पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंत तडजोड झाली.

मला यात रस वाटतो तो असा: गाण्यात आवाज कोबोरचा, नाव ओमेगाचं, पण कोर्टात उभा राहिला तो १९७१ साली बँड सोडून गेलेला माणूस. कायद्याने चाल त्याची. धागाकर्ते म्हणतात तसा 'खरा ओमेगा' १९७२ नंतरचा असेल, पण जगात ज्याच्यावरून भांडण होतं ते गाणं त्याच्या आधीचं आहे. याचं काय करायचं?

लोको पायलट

विधिज्ञ यांच्याशी शंभर टक्के सहमत. धागाकर्त्याचा मान राखून सांगतो, प्रेसेर गेल्यावर ओमेगात राहिलं काय? पाच चांगले वादक आणि भरपूर धूर.

लोकोमोटिव्ह जीटी ऐका. पहिला संच बघा: प्रेसेर, लाउक्स, गिटारवर तामाश बार्ता, बास आणि सॅक्सोफोनवर कारोय फ्रेनरायस. १९७१, ७२, ७३, दर वर्षी एक अल्बम. १९७३ मध्येच प्रेसेर आणि आदामिश यांनी बुडापेस्टच्या व्हिगसिनहाझ या नाट्यगृहासाठी एका अमेरिकन पॉप महोत्सवाच्या कहाणीवर संगीत नाटक केलं आणि तिथल्या रंगभूमीवर एक नवा प्रकार रुजवला. मग १९७४ च्या अमेरिका दौऱ्यानंतर बार्ता परत आलाच नाही. तिकडेच राहिला आणि १९८२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्याचा खून झाला. नंतर लाउक्सही देश सोडून गेला. एवढं होऊनही बँड टिकला. तामाश शोम्लो आणि यानोश काराचोन्य आल्यावर तर आवाजच बदलला, तीन तीन गायक.

आणि लाइव्ह अल्बमचीच गोष्ट असेल तर १९९२ चा लोकोमोटिव्हचा निरोपाचा कार्यक्रम. कुठे? न्युगाती रेल्वे स्टेशनात! आयफेलच्या कंपनीने १८७७ मध्ये बांधून पुरं केलेलं लोखंड-काचेचं स्टेशन. बँडचं नाव लोकोमोटिव्ह आणि निरोप स्टेशनात. याहून देखणा निरोप मी तरी पाहिलेला नाही.

चिंचपोकळी एक्सप्रेस

लोको पायलट, आपल्याकडे सीएसएमटीवर करून बघा. पहिल्या गाण्यालाच घोषणा होईल की दोन नंबरवरची गाडी आज चार नंबरवर येईल, आणि सगळे श्रोते पळत सुटतील.

मेघना बुडापेस्ट

धागा बघून इतका आनंद झाला! मी बरीच वर्षं इथे राहते, नवरा हंगेरियन आहे. सासरी लग्नकार्यात रात्री उशिरा ज्या गाण्यांवर तीन पिढ्या एकत्र उभ्या राहतात त्यांत ओमेगाचं हे गाणं हमखास असतं. सासूबाई तरुणपणी किश्तादियोनला गेलेल्या. त्या वेळच्या ओमेगाच्या मैफलींबद्दल त्या फार सांगतात: लेझरचे झोत, मंचावर धूर आणि कोबोरचे चमचमते कपडे. त्यांच्या मते त्या वेळी शहरात दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच.

लोको पायलट यांना एक सांगू का? इथे 'ओमेगा की लोकोमोटिव्ह' हा वाद लोक करतात खरा, पण बहुतेकांच्या घरात दोन्ही असतात. माझ्या सासऱ्यांकडे तर इल्लेश आणि मेट्रोच्याही तबकड्या आहेत. साठीच्या दशकात हे तीन बँड, इल्लेश, ओमेगा, मेट्रो, एका दमात घेतले जायचे.

नेपश्तादियोन आता नाही. त्या जागी २०१९ मध्ये पुश्काश आरेना उभा राहिला. आणि बँडचं म्हणाल तर फार थोड्या काळात सगळं संपलं. बेन्को नोव्हेंबर २०२० मध्ये गेला. मिहाय नोव्हेंबर २०२१ मध्ये. आणि दोनच आठवड्यांनी, ६ डिसेंबर २०२१ ला, कोविडने कोबोर. त्या दिवशी आमच्या घरी कुणी फारसं बोललं नाही.

शरावती

ऐकून आले. हंगेरियन ओ की ठो कळत नाही, पण 'हूतलेन बाराटोक' या गाण्याने धरून ठेवलं. याचा अर्थ कुणी सांगेल का? आवाजात राग आहे असं वाटलं.

तबकडीवाला

शरावती, बेइमान मित्र. इथे राग आहे हे तुम्ही भाषा न कळता ओळखलंत, मला फार बरं वाटलं. सोडून गेलेल्या जुन्या साथीदारांना उद्देशून हे गाणं आहे असं तिथले रसिक मानतात. आणि ज्या वर्षी लोकोमोटिव्ह जीटी दणक्यात वाजत होता त्याच काळात ते मंचावरून म्हणणं याला छाती लागते.

विधिज्ञ आणि लोको पायलट यांना एकत्र उत्तर देतो. चाल प्रेसेरची, हे मान्यच आहे. प्रेसेर हा हंगेरीच्या लोकप्रिय संगीतातला बहुधा सर्वांत मोठा संगीतकार असेल, त्यावर मी भांडणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. असा माणूस निघून गेल्यावर बहुतेक बँड वर्षभरात मोडतात किंवा जुन्याच गाण्यांवर जगतात. यांनी काय केलं? ज्यांनी आधी फारशा चाली केल्या नव्हत्या त्यांनी त्या करायला घेतल्या. पहिला प्रयत्न कंपनीने अडवला तरी थांबले नाहीत, तीच जिद्द थेट वाजवून लोकांसमोर ठेवली. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, पाचवा अल्बम: त्यात वाद्यवृंद घेऊन केलेली लांबलचक सुइट, म्हणजे अनेक भागांची रचना, आहे. 'एलो ओमेगा' नसता तर तो आत्मविश्वास कुठून आला असता?

कॉम्रेड पाटील

चर्चा छान चालली आहे, पण 'अडवलेला' हा शब्द जरा जपून वापरूया.

कम्युनिस्ट नेता यानोश कादारच्या काळातल्या हंगेरीत सांस्कृतिक धोरणाची सूत्रं द्यॉर्द्य आत्सेलच्या हातात होती आणि त्याची तीन खानी प्रसिद्ध होती: पाठिंबा द्यायच्या गोष्टी, खपवून घ्यायच्या गोष्टी आणि मनाई करायच्या गोष्टी. रॉक बहुतेक वेळा मधल्या खान्यात. रेकॉर्ड कंपनी देशात एकच, सरकारी. तिथे पेतेर एर्दोश हा माणूस बसलेला, लोक त्याला पॉपचा सीझर म्हणायचे. कुणाची एलपी निघणार आणि कुणाची पडून राहणार यात त्याचा शब्द फार चालायचा. मैफली भरवायला वेगळी सरकारी संस्था. यातली गोम अशी की लेखी बंदी क्वचितच यायची. अल्बम नुसता निघायचा नाही, बस. कारण विचारायला जावं तर कारणही धड मिळत नसे.

खरी शिक्षा काय असते ते इल्लेशला विचारा. १९७० मध्ये लंडनला असताना त्यांनी बीबीसीला मुलाखत दिली, देशातल्या परिस्थितीबद्दल बोलले, आणि परत आल्यावर त्यांच्या कार्यक्रमांवर आणि प्रसिद्धीवर गदा आली. ओमेगाचं तसं नव्हतं. ओमेगा पश्चिम जर्मनीत जायचा, तिथे बॅसिलस या कंपनीतून १९७३ पासून इंग्रजी अल्बम काढायचा, परकीय चलन आणायचा. सरकारला ते हवंच होतं. त्यामुळे त्यांना बंडखोर म्हणून रंगवू नये एवढंच माझं म्हणणं.

ढोलताशा

कॉम्रेड, इतिहास पटला. पण सूर नाही पटला. ओमेगा बंडखोर होता असं धागाकर्ता कुठे म्हणालाय? तो म्हणतोय अल्बम अडवला. तो अडवलाच की. २६ वर्षं कपाटात पडला. तुमच्या तीन खान्यांतल्या कुठल्या खान्यात टाकायचं ते ठरवा, पण वाजवणाऱ्याच्या बाजूने बघा. महिनोन्महिने घासून केलेलं काम कुणीतरी टेबलामागचा माणूस बाजूला सारतो. मी स्वतः पथकात वाजवतो. बसवलेली चीज ऐन वेळी रद्द झाली की काय होतं ते मला विचारा.

आता ड्रम्सबद्दल, कारण इथे त्यावर कुणी बोललं नाही. लाउक्स उत्तम होता, गाण्याला धरून वाजवायचा. देब्रेत्सेनी वेगळाच प्राणी आहे. तो गाणं पुढे ढकलतो. 'एलो ओमेगा' हेडफोन लावून ऐका, बेन्कोचा ऑर्गन सपाट पसरत असतो तेव्हा खाली देब्रेत्सेनी एका जागी थांबतच नाही. मोल्नारची गिटारही आता जड झाली आहे. १९६९ ला हा बँड अजून बीट ग्रूप होता, थोडा स्वप्नाळू, थोडा इंग्लंडकडे बघणारा. १९७२ ला तो रॉक बँड झाला. हे बँड सोडून गेलेल्यांमुळे झालं की राहिलेल्यांमुळे, ते तुम्ही ठरवा. माझं मत राहिलेल्यांना.

कॉम्रेड पाटील

ढोलताशा, वाजवणाऱ्याच्या बाजूचा मुद्दा मोलाचा आहे. एक भर घालतो. त्या अडवलेल्या अल्बमचं नाव त्यांनी सोडलं नाही. १९७४ मध्ये जर्मनीत निघालेल्या इंग्रजी अल्बमला तेच नाव दिलं, शेवटच्या युद्धानंतर दोनशे वर्षांनी. घरी दार बंद तर खिडकीतून. आणि २०१३ मध्ये याच पाच जणांना हंगेरीचा सर्वोच्च सांस्कृतिक सन्मान, कोशुत पुरस्कार, मिळाला. राज्य बदललं, आणि चाळीस वर्षांनी राज्याने मान तुकवली. हे मला महत्त्वाचं वाटतं.

लोको पायलट

प्रेसेरला तो पुरस्कार २००३ लाच मिळाला होता. नोंद असावी :)

ढोलताशा

लोको पायलट, गाडी वेळेवर आहे आज!

सुहासिनी काकू

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठी असेन. आमच्या तरुणपणी त्या बाजूच्या देशांतून मुंबईत काय यायचं? लोकवाङ्मय गृहात सोव्हिएत पुस्तकं मिळायची, गुळगुळीत कागदाची, स्वस्त. फिल्म सोसायटीत हंगेरियन, पोलिश चित्रपट बघायला मिळायचे. पण तिथल्या तरुण मुलांचं संगीत? छे. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तासन्‌तास उभं राहून ऐकलं, बीटल्स, फ्लॉइड, सगळं. पण ओमेगा हे नाव मला माझ्या जर्मनीतल्या भाच्याकडून कळलं, तेही या शतकात. पूर्व जर्मनीत वाढलेल्या त्याच्या सहकाऱ्यांना ओमेगा पाठ होता. तिकडचा फ्रांक श्योबेल हा गायक तर हीच चाल जर्मन शब्दांवर गायला होता. पोलंडमध्येही हे गाणं घरोघरी.

म्हणजे बघा, आम्हाला वाटायचं रॉक लंडनहून आणि न्यूयॉर्कहून येतं. आणि तिकडे बर्लिनपासून वॉर्सापर्यंत लाखो तरुण बुडापेस्टकडे कान लावून बसले होते. आम्ही ऐकलं असतं तर आवडलं असतं, याची मला खात्री आहे.

मेघना बुडापेस्ट

सुहासिनी काकू, अगदी. इथले लोकही अभिमानाने सांगतात की त्या काळी पोलंड, पूर्व जर्मनीहून पोरं बालाटोन सरोवरावर सुट्टीला यायची आणि परत जाताना पिशवीत हंगेरियन तबकड्या न्यायची.

नवखा श्रोता

मी या सगळ्यात नवीन आहे. पॉपकॉर्न घेऊन वाचतोय. मला इंग्रजी आवृत्त्यांपासून सुरुवात करणं सोपं जाईल का? निदान शब्द तरी कळतील.

रानवारा

नवखा, नको! इंग्रजी अल्बम मी ऐकलेत. वादन तेच, पण कोबोर इंग्रजीत अडखळतो. हंगेरियनमध्ये जोर प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येतो आणि चाली त्या भाषेच्या मापाने बेतलेल्या आहेत. त्यावर इंग्रजी शब्द बसवले की कुठेतरी ओढाताण होते. अर्थ न कळलेला चालेल, मूळ ऐका.

ढोलताशा

रानवाराला +१. एक अपवाद: 'टाइम रॉबर', १९७७ च्या 'इदोराब्लो'ची इंग्रजी आवृत्ती. ती चालते, कारण त्यात गाण्यापेक्षा वाद्यं जास्त बोलतात.

आणि त्या तीन अल्बमवर कुणीच बोललं नाही अजून! १९७७ चा 'इदोराब्लो', १९७८ चा ताऱ्यांच्या वाटेवरचा आणि १९७९ चा 'गामापोलिस'. तिन्ही मिळून अंतराळ-रॉकची मालिका. बेन्को आता ऑर्गनवरून सिंथेसायझरवर गेला आहे. त्या सगळ्याचा मंचावरचा कळस म्हणजे १९७९ ची किश्तादियोनची मैफल. मेघनाताईंच्या सासूबाई बहुतेक तीच सांगत असणार.

मेघना बुडापेस्ट

आत्ताच फोन करून विचारलं. हो, तीच! 'गामापोलिस' नुकताच आला होता आणि लोकांना नवी गाणी पाठ होती असं म्हणाल्या. मैत्रिणीने स्वतः शिवलेला चंदेरी ब्लाउज घातला होता हेही आठवलं त्यांना. मग अर्धा तास फोन संपेना.

विधिज्ञ

धागा मूळ प्रश्नाकडे नेतो. १९७२ आधी की १९७९? मी काल रात्री दोन्ही ओळीने ऐकले.

माझं मत: नव्या माणसाने १९७९ पासून सुरुवात करावी. आवाज स्वच्छ आहे, गाणी लगेच पकडतात, बँड पूर्ण भरात आहे. १९७२ कळायला आधीची तीन वर्षं माहीत असावी लागतात. कोण गेलं, काय अडवलं गेलं, हे ठाऊक असलं की 'एलो ओमेगा' ऐकताना अंगावर काटा येतो. ठाऊक नसलं तर तो सत्तरीच्या सुरुवातीचा एक चांगला जड रॉक अल्बम वाटेल, एवढंच.

शरावती

विधिज्ञ, मी याच्या विरुद्ध आहे. मला काहीच माहीत नव्हतं आणि तरी १९७२ च्याच अल्बमने धरलं. १९७९ चा नंतर ऐकला, तो मला जरा जास्तच झगमगीत वाटला. सिंथेसायझरच्या लाटा येत राहतात, पण माणसं दूर गेल्यासारखी वाटतात. पहिल्यात पाच जण एका खोलीत घाम गाळताहेत असं वाटतं.

लोको पायलट

शरावतीताईंचं म्हणणं ऐकून मीही १९७२ चा पुन्हा लावला, बऱ्याच वर्षांनी. प्रेसेर नाही याचं दुःख मला कायम राहणार. पण 'वाराझ्लातोश फेहेर को' (जादूचा पांढरा दगड) हे गाणं प्रेसेरच्या कुठल्याही गाण्याशेजारी ठेवता येईल, हे सांगायला मला संकोच नाही. ती चाल सरळ आहे आणि तरी कुठे वळेल ते आधी कळत नाही. कोबोरही १९६९ पेक्षा इथे मोकळा गातो. वर धागाकर्ता म्हणाला ना, की पाच जणांचा बँड, ते या गाण्यात ऐकू येतं.

'खरा ओमेगा कुठला' यावर मात्र आपलं जमणार नाही, तबकडीवाले.

तबकडीवाला

लोको पायलट, नको जमायला. तुम्ही तो पुन्हा लावलात यातच मला सगळं मिळालं.

नवख्या श्रोत्यासाठी माझा क्रम असा: आधी 'दहा हजार पावलं', म्हणजे प्रेसेर काय होता ते कळेल. मग थेट 'एलो ओमेगा'. मग 'इदोराब्लो', आणि मग १९७९ ची किश्तादियोनची मैफल. १९९८ मध्ये निघालेला तो अडवलेला अल्बम सर्वांत शेवटी ऐका. काय अडवलं होतं हे स्वतःच्या कानांनी ठरवता येईल. मला त्यात अडवण्यासारखं काहीही सापडलं नाही. आणि ज्याने ते काम थांबवलं त्याला माफ करावंसं मला आजही वाटत नाही, मग ते काम नंतर कितीही सुंदर वाटेने बाहेर आलेलं असो.

नवखा श्रोता

धन्यवाद. 'दहा हजार पावलं' सुरू केलं आहे. 'पेत्रोलेउम्लाम्पा' लागलं आणि घरातलं चार वर्षांचं पोर नाचायला लागलं.

चिंचपोकळी एक्सप्रेस

रॉकेलचा दिवा! ते ऐकून न नाचणारं पोर अजून जन्माला यायचंय.

कॉम्रेड पाटील

पाणी इतकं खोल गेलंच आहे तर इल्लेशवरही व्हायला हवं. बीबीसीचं प्रकरण, १९७१ ची अमेरिकन कार्यकर्ती अँजेला डेव्हिसला अर्पण केलेली 'मानवी हक्क' ही तबकडी, आणि मग इल्लेशच्याच श्योरेन्यी-ब्रोदी जोडीने १९८३ मध्ये बुडापेस्टच्या व्हारोशलिगेतमधल्या टेकडीवर उभा केलेला राजा इश्तवानवरचा रॉक ऑपेरा. इथे लिहिलं तर ओमेगा बाजूला पडेल.

मेघना बुडापेस्ट

पाटीलसाहेब, वेगळा धागा काढाच. सासरे त्या १९८३ च्या प्रयोगाला टेकडीवर बसलेले होते. मी त्यांच्याशी बोलून ठेवते, तुमचे प्रश्न आधी पाठवून द्या.